नळी घेऊन घरी जाताना

माझी सगळी नोकरी मिरज-सांगली भागात, मूत्रविकारांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून गेली. प्रोस्टेटचे, मूतखड्याचे, मूत्रमार्ग आकसल्याचे पेशंट जत, आटपाडी, अथणी, पार विजयपूरकडून यायचे. ऑपरेशन नीट व्हायचं, टाके-जखमा नीट असायच्या आणि तरीही त्यातले काही जण दोन-चार दिवसांत परत यायचे. कुणी थंडीतापानं कुडकुडत, कुणी लघवी तुंबून तळमळत. ऑपरेशनमध्ये खोट नसायची. घोटाळा घरी झालेला असायचा, लघवीची नळी आणि पिशवी सांभाळताना, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा डिस्चार्जच्या दुपारी सापडायचं.

त्या दुपारची घाई ज्यानं पाहिली आहे त्याला हे पटेल. बिलाच्या खिडकीवर रांग, योजनेच्या कागदांवर सह्या, मेडिकलमधून औषधं आणायची, शेवटची एसटी गाठायची. त्या गडबडीत कुणीतरी पिशवी दाखवून पाच वाक्यं बोलतं, नातेवाईक मान हलवतो आणि कार्डावर ‘कॅथेटरची काळजी समजावली’ यापुढे बरोबरची खूण होते.

अशीच खूण असलेलं कार्ड घेऊन जत तालुक्यातले एक अण्णा रात्री जीपमधून परत आले होते. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं, नळीसकट घरी पाठवलेले. ओटीपोट बेंबीपर्यंत टणक झालेलं, कपाळावर घाम, बोलणं सुधरत नव्हतं. पिशवी जवळजवळ रिकामी. मी नळीवरून बोट फिरवत गेले तर ती मांडीखाली दबून दुमडलेली, आणि पुढच्या भागात रक्ताची गुठळी अडकलेली. डॉक्टरांनी सिरिंजनं गुठळ्या ओढून काढल्या, लघवी धो धो सुटली आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांच्या मंडळींना विचारलं, घरी पिशवी कुठं अडकवली होती? त्यांनी सांगितलं, “उशाला, भिंतीच्या खुंटीला. ती सलाइनची बाटली न्हाई का वर टांगत्यात?”

त्या माउलीचं काय चुकलं? दवाखान्यात नळी लावलेली जी एक गोष्ट त्यांनी नीट पाहिली होती ती वरच टांगलेली होती. “मला कुणी काय सांगितलंच न्हाई बाई, पोराला सांगितलं आसंल,” त्या म्हणाल्या. पोरगा त्यांना घरी सोडून त्याच रात्री पुण्याला कामावर परत गेला होता.

या प्रसंगातून सगळ्यात मोठी गोष्ट मी धरली ती ही, की शिकवायचं ते घरी ज्याचे हात हे काम करणार त्यालाच. सही करणाऱ्याला नाही, गाडी घेऊन आलेल्याला नाही. वॉर्डमधल्या माझ्या भगिनींना आणि नातेवाइकांनाही माझी कळकळीची विनंती आहे, की हे शिकणं ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सुरू करा. पहिल्यांदा पिशवी सिस्टर रिकामी करेल, दुसऱ्यांदा घरच्या माणसानं करायची आणि सिस्टरनं नुसतं बघायचं. “समजलं का?” या प्रश्नाला आपल्याकडे कुणीही नाही म्हणत नाही. त्याऐवजी “मला करून दाखवा” म्हणा. कन्नड बोलणाऱ्या पेशंटबरोबर माझी भाषा तोकडी पडायची, पण हातानं करून घेतलेलं ते कधी विसरले नाहीत.

नळी आत कशी राहते हे दाखवण्यासाठी मी मुदत संपलेली एक नळी ड्रॉवरमध्ये ठेवायची. हिला फोली कॅथेटर म्हणतात, फ्रेडरिक फोली या अमेरिकन शल्यचिकित्सकाच्या नावावरून. टोकाजवळ एक फुगा असतो. नळी मूत्राशयात गेली की बाजूच्या तोंडातून सिरिंजनं निर्जंतुक पाणी भरून तो फुगवतात, साधारण 10 मिली, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर 30 मिली किंवा त्याहूनही जास्त. तो फुगलेला फुगा मी पेशंटच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, हा आत आहे, आणि ज्या वाटेनं तो ओढला जाईल ती वाट जेमतेम सात-आठ मिलिमीटर जाडीच्या नळीची आहे. मग नळी ओढायची का नाही हे वेगळं सांगावं लागत नसे. नळी कापायचीही नाही. झोपेत किंवा भ्रमात ओढण्याची सवय असलेल्या म्हाताऱ्या माणसाजवळ रात्री कुणीतरी झोपायला हवं.

आता पिशवी. ती कायम ओटीपोटाच्या खाली, बसताना, चालताना, झोपताना आणि एसटीतसुद्धा. वर गेली की पिशवीतली शिळी लघवी जंतूंसकट परत आत जाऊ शकते. जमिनीवर टेकवायची नाही. खाटेच्या कडेला, पायाच्या बाजूला हुकनं अडकवायची. आपल्याकडे बरीच घरं जमिनीवर अंथरूण घालून झोपतात आणि हा मुद्दा कुठल्याच छापील सूचनेत मला दिसला नाही. अशा वेळी तेवढ्या दिवसांपुरती शेजारची खाट मागून आणा, शेजारी नाही म्हणत नाहीत. तेही जमलं नाही तर गाद्या एकावर एक घालून उंची करा आणि पिशवी बाजूला स्वच्छ घमेल्यात ठेवा.

पिशवीत साधारण दोन लिटर मावतात, म्हणजे भरली की तिचं वजन दोन किलो. एवढं ओझं नुकत्याच ऑपरेशन झालेल्या जागेवर ओढ देतं. म्हणून दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. आधी हात साबणानं धुवायचे, खालची तोटी उघडायची, ती मगला टेकू द्यायची नाही, पुसून बंद करायची. नळी आणि पिशवीचा जोड मात्र उगाच उघडायचा नाही, कारण जंतूंना आत जायला तीच सोपी वाट. नळी मांडीवर पट्टीनं चिकटवलेली हवी, थोडी सैल, म्हणजे पाय हलला तरी ओढ बसत नाही. करगोट्यात, नाडीच्या गाठीत किंवा मांडीखाली ती दबली नाही ना हे दर वेळी कूस बदलल्यावर हातानं चाचपायचं.

स्वच्छतेच्या बाबतीत लोक कमी नाही, जास्तच करतात. डेटॉल, सॅव्हलॉन, पावडर, कुणी तर हळदही लावून आलेलं मी पाहिलं आहे. यातलं काही नको. रोज आंघोळीच्या वेळी साधा साबण आणि पाणी पुरतं. नळी शरीरातून जिथं बाहेर येते तिथून बाहेरच्या दिशेनं चार बोटं धुवत यायचं, उलट नाही. बायकांनी पुढून मागे धुवायचं. पुरुषांना एक गोष्ट लाजून सांगितलीच जात नाही, ती मी स्पष्ट लिहिते: पुढची कातडी मागे घेऊन धुतल्यावर ती आठवणीनं परत पुढे आणायची. तशीच मागे राहिली तर काही तासांत सूज येते, कातडी अडकून बसते आणि पुन्हा दवाखाना गाठावा लागतो. सून किंवा मुलगी हे करायला संकोचते, त्यात गैर काही नाही. पेशंटचे हात चालत असतील तर त्यालाच आरशासमोर शिकवावं. ते त्यालाही बरं वाटतं.

पाणी कमी पिणं ही दुसरी मोठी चूक. पिशवी भरायला नको म्हणून, लग्नाला जायचंय म्हणून, माणसं पाणी तोडतात. लघवी घट्ट झाली की गाळ साचतो, गुठळी होते, नळी चोंदते. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असल्यानं डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर प्यावं. कुंथायला लागू नये म्हणून पालेभाजी, फळं, गरज पडली तर डॉक्टरांना विचारून इसबगोल. कुंथण्यानं प्रोस्टेटच्या जखमेतून पुन्हा रक्त येतं.

रंगाची भीती सगळ्यांनाच असते. पातळ कोकम सरबताइतकी गुलाबी लघवी प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर अधूनमधून दिसते, जास्त पाणी प्यायल्यावर निवळते. दहा-पंधरा दिवसांनी खपली सुटतानाही एखाददुसरा दिवस तशी येते. पण दाट लाल रक्त, गुठळ्या, किंवा दोन-तीन तास पिशवीत थेंबही नाही आणि पोट दुखतंय, यात सकाळची वाट बघायची नाही. थंडी वाजून ताप, अंडाची सूज, म्हातारं माणूस अचानक बरळायला लागणं, नळी निसटून बाहेर येणं, यातही तसंच. गाडी नसेल तर 108 लावा. प्रोस्टेट किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ताजं असताना निसटलेली नळी गावात कुणाकडून तरी परत घालून घेऊ नका. जागा कच्ची असते, नळी भलतीकडे जाऊ शकते. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना आधी फोन करा.

कधी नळीच्या बाजूनं लघवी झिरपते आणि कळ येऊन लागल्यासारखं होतं. फुगा टोचत असल्यानं मूत्राशय आवळतं, त्याचा हा परिणाम. नळी दबली नाही आणि पिशवीत लघवी येतेय हे पाहा. मग डॉक्टरांना सांगा, यावर गोळी असते. जोर करून लघवी करायचा प्रयत्न मात्र करू नका.

आणखी एक गोष्ट मला फार लागते, कारण यात लोकांचा पैसाही जातो आणि तब्येतही. नळी असताना दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्के लोकांच्या लघवीत जंतू शिरतात, आणि महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ सगळ्यांच्याच. त्यामुळे ताप नाही, दुखणं नाही, तरी कुणी लघवीची तपासणी करून ‘जंतू निघाले’ म्हणून अँटिबायोटिक सुरू करत असेल तर आधी आपल्या सर्जनला विचारा. एखाद्या पेशंटला खरंच गरज असते, पण ते त्यांनी ठरवू दे. उगाच घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात आणि खरा ताप येतो तेव्हा औषध लागू पडत नाही.

लाजेबद्दल कुणी बोलत नाही. पुरुष पिशवी कॅरीबॅगमध्ये गुंडाळून काखेत धरतात आणि ती ओटीपोटाच्या वर जाते. बायका देवघराच्या उंबऱ्याशी थांबतात. मी त्यांना सांगायची, आजी, हे आजारपण आहे, विटाळ नाही, खुशाल दिवा लावा. पिशवीला जुन्या कापडाची खोळ शिवा, लांब बंदाची, गुडघ्यापर्यंत येईल अशी. बाहेर जाणाऱ्यांनी मांडीला बांधायची लहान पिशवी घ्यावी. लुंगीखाली, पँटखाली ती कळत नाही. ती लवकर भरते एवढं लक्षात ठेवायचं आणि रात्री तिच्याच खालच्या तोटीला मोठी जोडायची.

मूतखड्याच्या पेशंटनी डिस्चार्ज कार्ड पुन्हा एकदा वाचावं. बाहेरची नळी निघाली तरी किडनीपासून मूत्राशयापर्यंत आत डीजे स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, राहिलेला असू शकतो. तो दिसत नाही, म्हणून विसरला जातो. महिनोन्महिने राहिला तर त्यावर खडे चढतात आणि तो काढणं हेच मोठं ऑपरेशन होऊन बसतं. काढायची तारीख घरातल्या कालनिर्णयवर त्याच दिवशी लिहा.

बाहेरची नळी काढायला मात्र सकाळी लवकर या, दुपारी नको. काढल्यावर तिथंच थांबून पाणी प्यायचं, दोनदा-तीनदा लघवी मोकळी झालेली सिस्टरला दाखवायची, मगच गाव गाठायचं. थोडी जळजळ, घाई, एखादा थेंब गळणं काही दिवस चालतं. तुंबलीच तर ती दिवसाउजेडी, डॉक्टर जागेवर असताना तुंबलेली बरी.