तलंगा दारात आल्या की

पोरी, बाजारातून आणलेली तलंग त्याच संध्याकाळी जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडायची नाही. एवढं एक पाळलंस तर निम्मी दुखणी दारात येतच नाहीत. नवी पाखरं कमीत कमी तीन आठवडे, जमलं तर महिनाभर वेगळी ठेवायची. वेगळी म्हणजे खुराड्यात मधे जाळी मारून नव्हे, घराच्या पार दुसऱ्या अंगाला. मानमोडी, म्हणजे डॉक्टर जिला राणीखेत म्हणतात ती, लागण झाल्यावर कधी दोन दिवसांत दिसते, कधी पंधरा दिवस घेते. आज तरतरीत दिसणारी तलंग आठवड्याने मान वाकडी करून बसते, आणि तोवर तिच्यासोबतच्या सगळ्यांना रोग लागलेला असतो. दाणापाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना. भांडी वेगळी, खराटा वेगळा आणि पायातली चप्पलसुद्धा वेगळी. चपलेला चिकटलेली शीट आपण किती ठिकाणी फिरवतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणल्या दिवशी कसलंच औषध पाजायचं नाही. डालग्यात दाटीने बसून, उन्हातून, टेम्पोत हादरे खात आलेलं पाखरू आधीच अर्धं झालेलं असतं. सावली दे, गूळ विरघळवलेलं पाणी दे, तासा-दोन तासांनी ज्वारी-मक्याचा भरडा दे. विकणाऱ्याला विचार की तो काय चारत होता. तेच थोडे दिवस चालू ठेव आणि आठवडाभरात हळूहळू तुझ्या खाद्यावर आण. अंडी लगेच मिळाली नाहीत म्हणून घाबरू नकोस. जागा बदलली की चालू अंड्यावरची कोंबडीही थांबते.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बॅटरी घेऊन एकेक हातात घे. अंधारात कोंबडी धडपडत नाही. छातीचं हाड चाचपून बघ. ते सुरीच्या पात्यासारखं हाताला लागलं तर पाखराला खाणं लागत नाही, आणि त्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा जंत. तुरा फिका आहे का, डोळ्यांत पाणी किंवा फेस आहे का, श्वास घेताना घुरघुर येते का ते पाहा. शेपटीखालची पिसं बाजूला सार. पिसांच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे पुंजके असतील तर उवा आहेत. पायावरचे खवले उचलल्यासारखे, खडबडीत दिसले तर खवल्यांखाली बारीक किडे शिरलेले असतात. तिथे काही दिवस खोबरेल चोळ. उवांसाठी घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी बारीक माती ठेव, कोंबड्या आपणहून लोळतात. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडून पावडर आण, पण शेतात फवारायचं औषध कोंबडीच्या अंगावर कधीही मारायचं नाही. गोचीड मात्र दिवसा अंगावर सापडायचे नाहीत. ते खुराड्याच्या फटीत दडतात आणि रात्री रक्त प्यायला येतात. म्हणून फटी बुजवून चुना मार.

आता जंतांचं. लोक इथेच घाई करतात. पाखरू चार-पाच दिवस नीट खाऊ-पिऊ लागलं की मगच औषध. त्याआधी ताज्या शीटेचा नमुना डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ने. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात आणि कोणते जंत ते कळतं. हे कळायलाच हवं, कारण दुकानात सर्रास मिळणारं पायपेराझिन फक्त गोल जंतांवर चालतं. शीटेत तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमी. त्यांना ते औषध लागू पडत नाही. कोंबडीने मुंग्या, माश्या, शेणातले भुंगे खाल्ले की हे पट्टकृमी तिच्या पोटात येतात, त्यामुळे उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबड्यांत जास्त. आणि एक सांगून ठेवते: अधूनमधून चॉकलेटी, चिकट, घाण वासाची शीट पडते ती रोगाची नव्हे. रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही.

औषध पाण्यातून द्यायचं तर भल्या सकाळी. रात्रभर कोंबडी पाणी पीत नाही, त्यामुळे सोडल्या सोडल्या ती पाण्यावर जाते. एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात जास्त. दहा पाखरांना सकाळी दोन-तीन तासांत संपेल एवढ्याच पाण्यात सगळा डोस घाल. बादलीभर पाण्यात औषध कालवून दिवसभर ठेवलं तर कुणालाच पुरतं लागत नाही. डोस डॉक्टर वजनावर ठरवतील, म्हणून दोन-तीन पाखरं काट्यावर तोलून जा. आतड्याच्या आवरणात दडलेली जंतांची पिल्लं पहिल्या डोसात सगळी मरत नाहीत, तेव्हा पुढचा डोस कधी तेही विचारून घे. अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत, हे विचारल्याशिवाय तर दवाखान्यातून उठूच नकोस.

लसूण, पपईच्या बिया, कडुनिंबाचा पाला हे सगळं आमच्याही घरी होतं. ते घालायला हरकत नाही. पण जंतांनी भरलेलं पोट त्याने रिकामं होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाटलीपेक्षा खराटा मोठा. शीटेतून पडलेलं गोल जंताचं अंडं ओल आणि ऊब मिळाली तर दोन-तीन आठवड्यांत रोग देण्याजोगं होतं. म्हणजे दर आठवड्याला खुराडं झाडलंस तर ते तयार व्हायच्या आत बाहेर जातं. झाडलेलं खत कोंबड्या फिरतात तिथे पसरू नकोस, खड्ड्यात टाकून झाक. पावसाळ्यात पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल सगळ्यात वाईट; तिथे विटा किंवा खडी टाक.

जंताच्या औषधानंतर आठवडाभराने लस. जंतांनी पोखरलेल्या अंगात लस नीट धरत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांना डॉक्टर बहुधा लासोटा ही मानमोडीची लस पाण्यातून द्यायला सांगतील. त्या पाण्यात नळाचं क्लोरीन नको, त्या दिवशी दुसरं औषध नको, पाणी थंड हवं आणि त्यात थोडी दूध पावडर हवी. आजारी पाखराला लस द्यायची नाही.

महिना नीट गेला की रात्री, जुन्या कोंबड्या झोपल्यावर, नव्यांना त्यांच्या शेजारी दांड्यावर बसव. सकाळी टोचाटोची होईल, ती चार-आठ दिवसांत निवते. त्या दिवसांत दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेव, नाहीतर नव्या उपाशी राहतील. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम असू दे.

आणि कधी एका रात्रीत तीन-चार पाखरं गेली, तुरे काळेनिळे पडले, तर मेलेल्यांना उघड्या हातांनी उचलायचं नाही, उरलेल्या विकायच्या नाहीत, कापायच्याही नाहीत. नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हा पूर्ण तालुक्याचा धंदा बसला होता. कुणाची वाट न पाहता लगेच पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन कर.