पाँडिचेरीचं ‘गोलकोंड’ : शांतता बांधता येते का?

आपल्या हैदराबादेत ‘गोलकोंडा’ म्हटलं की किल्लाच डोळ्यांपुढे येतो. फतेह दरवाज्यापाशी टाळी वाजवायची आणि ती वर बाला हिसारला ऐकू येते का ते बघायचं, हा शाळेच्या सहलीतला ठरलेला कार्यक्रम. याच नावाची आणखी एक वास्तू पाँडिचेरीत आहे. ती म्हणजे श्री अरविंद आश्रमाचं निवासस्थान, ‘गोलकोंड’. निजामाच्या राज्याचे दिवाण सर अकबर हैदरी यांना आश्रमाबद्दल आस्था होती. त्यांच्या प्रयत्नाने हैदराबाद संस्थानाकडून या बांधकामासाठी एक लाख रुपये मिळाले, म्हणून हे नाव.

हल्ली प्रत्येक अतिथिगृहाच्या जाहिरातीत ‘शाश्वत’ आणि ‘शांत’ हे दोन शब्द असतातच. साहित्याच्या विद्यार्थ्याने शब्द तपासून घ्यावेत, असं आम्हाला वर्गात शिकवतात. म्हणून या दोन शब्दांचा अर्थ एका खऱ्या इमारतीत शोधायचा, एवढाच या लेखाचा हेतू.

माणसं आणि काळ

वास्तुरचनाकार अँटोनिन रेमंड मूळचे चेक. फ्रँक लॉइड राइट यांच्याबरोबर इम्पिरियल हॉटेलच्या कामासाठी 1919 मध्ये ते जपानला गेले आणि पुढे तिथेच त्यांनी स्वतःचं कार्यालय काढलं. आश्रमातले फ्रेंच अभियंता साधक पवित्र (मूळ नाव फिलिप बार्बिए सँ-तिलेर) यांची जपानपासून त्यांच्याशी ओळख होती. 1930 च्या दशकाच्या मध्यावर आराखडे सुरू झाले. प्रत्यक्ष जागेवर काम पाहायला जॉर्ज नाकाशिमा हे जपानी-अमेरिकन तरुण आले. मागाहून ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केलेले फ्रांतिशेक साम्मर आले. पाँडिचेरी तेव्हा फ्रेंचांकडे होती. मधेच दुसरं महायुद्ध पेटलं. तरीही 1942 च्या सुमारास इमारतीत राहणं सुरू झालं.

नाकाशिमांनी आधी एका खोलीचा पूर्ण आकाराचा नमुना बांधून घेतला होता. कागदावरची खोली आणि अंगाला जाणवणारी खोली यांत फरक असतो, हे ओळखूनच ही काळजी घेतली असणार.

इमारत गार कशी राहते?

पाँडिचेरी विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे 12 अंशांवर आहे. दुपारचा सूर्य बहुतेक वेळा डोक्यावर असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त तापतं ते छप्पर. सकाळ-संध्याकाळचा तिरपा सूर्य पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती भाजून काढतो. त्यात समुद्रकाठची दमट हवा. अशा हवेत नुसती सावली पुरत नाही, अंगावरून वारा फिरावा लागतो. गोलकोंडमध्ये या प्रत्येक अडचणीला एकेक उत्तर आहे.

पहिलं उत्तर दिशेचं. इमारत पूर्व-पश्चिम लांब आहे. म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि भाजणाऱ्या बाजू आखूड राहतात.

दुसरं, छप्पर दुहेरी. सपाट स्लॅबच्या वर काँक्रीटच्या पातळ, कमानदार कवचांचं दुसरं आवरण आहे. दोहोंच्या मधे हवा खेळते, म्हणून वरची उष्णता सरळ खोलीत उतरत नाही.

तिसरं, लांब बाजूंना काचेच्या खिडक्यांऐवजी आडव्या फिरत्या पट्ट्या आहेत. पट्ट्या तिरप्या केल्या की ऊन आणि पावसाची झड अडते, वारा मात्र येत राहतो. आपल्याकडे पाऊस आला की आधी खिडक्या लावाव्या लागतात आणि घर कोंदट होतं. इथे ती वेळ येत नाही.

चौथं उत्तर मला सगळ्यात आवडलं. खोल्या दक्षिणेला आणि त्यांच्या पाठीशी उत्तरेला लांबच लांब ओसरीसारखा मार्ग. मधे सागवानी सरकती दारं. या दारांच्या पट्ट्या पुढे-मागे अशा बसवल्यात की पुढच्या फटीमागे मागची पट्टी येते. नजर अडते, वारा आरपार जातो. खाली पायाला गार लागणारा काळा कडप्पा, आणि दोन्ही बाजूंना बाग.

एसी नसताना खोल्या राहण्याजोग्या राहतात, त्या या चार-पाच साध्या गोष्टी एकत्र आल्यामुळे. यातली एक काढून दुसरीकडे चिकटवली तर उपयोग होईलच असं नाही.

पण वारा जातो तिथून आवाजही जातो

इथे मी थोडी अडखळले. ज्या दारातून वारा आरपार जातो, त्या दारातून शेजारच्याचं बोलणं, खोकणं, भांड्याचा आवाज हे सगळंच येणार. मग ही जागा शांत कशी?

शांत आहे, कारण राहणारे ती शांत ठेवतात. गोलकोंडचे नियम कडक म्हणून प्रसिद्ध आहेत. मोना पिंटो यांनी कित्येक दशकं इथली व्यवस्था पाहिली. त्यांचे पती उदार पिंटो हे अभियंते, बांधकामात त्यांचाही हात होता. बिजागऱ्या-कड्यांसारखं पितळी सामान आश्रमातच ओतलं गेलं, आणि त्यासाठी भक्तांनी दिलेली पितळेची भांडी वितळवली, असं सांगतात. ज्या कडीत कुणाच्या तरी घरचा तांब्या आहे, ती कडी माणूस सहसा आपटत नाही.

मी राहते त्या वसतिगृहातली खोली पश्चिमेची. मोठी काच, वर एकेरी स्लॅब. मे महिन्यात एसी असलेल्या मुली दार लावून घेतात, आम्ही बाकीच्या गच्चीवर जातो. दार लावलं की शेजारणीशी संबंध संपला, तिची झोपमोड झाली काय नि नाही काय. खोली यंत्राने गार होते तेव्हा शेजारधर्माची गरजच उरत नाही. गोलकोंडमध्ये मात्र वारा हवा असेल तर दार झिरपतं ठेवावं लागतं, आणि दार झिरपतं असलं की दुसऱ्याचा विचार करावाच लागतो. गारवा आणि शेजारधर्म तिथे एकाच फटीतून येतात.

मठात वाढलेली आमची ख्रिस्ती परंपराही हेच सांगते. संत बेनेडिक्टच्या नियमावलीतलं 53 वं प्रकरण पाहुण्यांविषयी आहे. पाहुण्याचं स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताचं समजून करावं, असं त्यात आहे. आणि त्याच प्रकरणात, अवेळी येणाऱ्या पाहुण्यांमुळे मठवासीयांना त्रास होऊ नये म्हणून त्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवण्याची व्यवहारी सूचनाही आहे. म्हणजे आतिथ्याला मनही लागतं आणि नीट आराखडाही. योगायोग असा की याच नाकाशिमांनी पुढे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात एका बेनेडिक्टाइन मठाचं प्रार्थनामंदिर रचलं.

दुसरी बाजू

कौतुकात वाहून जायला नको. गोलकोंडच्या फिरत्या पट्ट्या अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसांना घातक असतात, त्यामुळे आज ते वापरणं योग्य नाही. सिमेंट तयार करताना कार्बन डायऑक्साइड भरपूर बाहेर पडतो, तेही आज ठाऊक आहे. शिवाय या साधेपणामागे संस्थानाचा पैसा, अनेक वर्षांचा वेळ आणि कित्येकांचे बिनपगारी हात होते. साधं म्हणजे स्वस्त, असं समीकरण मांडता येणार नाही.

तरी एक गोष्ट उरते. ही इमारत ऐंशीहून अधिक वर्षं त्याच कामासाठी वापरात आहे. पाडून पुन्हा बांधावी लागली नाही, ही बचत लहान नाही. टिकाऊ सामानाइतकंच त्याचं श्रेय रोजच्या झाडलोटीला आणि डागडुजीला आहे.

उद्या आपल्यापैकी कुणी गावाकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधायला काढल्या, तर आधी तीन प्रश्न विचारावेत. ऊन आणि वारा कुठून येतो? सामान बिघडलं तर गावातलाच सुतार-गवंडी ते दुरुस्त करू शकेल का? आणि खोलीत राहणाऱ्याला शेजारी माणूस आहे याची आठवण राहील का? पहिल्या दोन प्रश्नांना वास्तुरचनाकार मदत करील. तिसऱ्याचं उत्तर तिथे राहणाऱ्यांनाच रोज द्यावं लागेल.

आपल्या किल्ल्यात टाळी वर पोचते, ती शत्रू आल्याची वर्दी द्यायला. पाँडिचेरीच्या गोलकोंडमध्येही आवाज पोचतो. म्हणूनच तिथे माणसं हळू बोलतात.