मालमोटार, उपग्रह आणि घाटाची वाट

वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे छत्रपती संभाजीनगर हे मालवाहतुकीचे मोठे केंद्र बनले आहे. येथे येणारे अनेक चालक परप्रांतीय असतात. पूर्वी ते ढाब्यावर वाट विचारीत. आता भ्रमणध्वनीवरील जी. पी. एस. नकाशा हाच त्यांचा वाटाड्या झाला आहे. या वाटाड्याचे ज्ञान कोठवर पोहोचते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्रणेचे स्वरूप

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवितात. किमान चार उपग्रहांचे संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र आपले स्थान निश्चित करते. उपग्रहांचे कार्य येथेच संपते. मार्ग सुचवितो तो नकाशा. आणि सर्वसाधारण नकाशा लहान मोटारगाडी गृहीत धरूनच वाट दाखवितो. मालमोटारीची उंची, लांबी व वजन त्यास ठाऊक नसते.

जिल्ह्यातील अनुभव

कन्नड–चाळीसगाव दरम्यानच्या औट्रम घाटात २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशान्वये जड वाहनांना बंदी करण्यात आली व ती वाहतूक नांदगावमार्गे वळविण्यात आली. हा मार्ग लांबचा आहे. अंतरच पाहणाऱ्या नकाशाला घाटच जवळचा वाटतो. परंतु भरलेल्या मालमोटारीचे ब्रेक उतारावर तापून निकामी होण्याचा धोका असतो, आणि अरुंद वळणावर वाहन मागे फिरविता येत नाही. एक वाहन अडकले की एस. टी. व रुग्णवाहिकाही खोळंबतात. शहरातील ऐतिहासिक दरवाजे व दौलताबादच्या तटातील दरवाजा हे तर बैलगाडीच्या काळातले. तेथे उंच वाहन शिरल्यास मनुष्य व वारसा या दोहोंस इजा पोहोचते.

काय करावे?

चालकाने निघण्यापूर्वीच संपूर्ण मार्ग पाहावा, मालमोटारीसाठी असलेल्या नकाशात वाहनाची मापे भरावीत आणि नकाशा व रस्त्यावरील फलक यांत विसंगती आढळल्यास फलकच प्रमाण मानावा. १ ऑक्टोबर २०२० पासून अंमलात आलेल्या नियमानुसार वाहन चालविताना भ्रमणध्वनीचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यापुरता, आणि तोही चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने, करता येतो.

बंदीचा फलक घाटाच्या तोंडाशी लावून भागत नाही. तो मागील चौफुलीवर, जेथून वाहन वळू शकेल तेथे, मराठीबरोबर हिंदीतही असावा. ग्रामपंचायतींनी पाण्याखाली जाणारे फरशी पूल व नाजूक गावरस्ते यांची माहिती वेळीच संबंधित विभागास कळवावी. शिक्षकांना भूगोलाच्या तासाला हाच विषय उत्तम उदाहरण म्हणून घेता येईल.

उपग्रह आपण कोठे आहोत ते सांगतो. पुढचा रस्ता आपल्या वाहनाला पेलेल की नाही, हे मात्र त्या रस्त्यालगत राहणाऱ्या माणसांनाच ठाऊक असते. ते ज्ञान चालकापर्यंत पोहोचविणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.