आधी तरंगणे, मग पोहणे

पाण्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलास पोहणे आपोआप येते, असा आपल्याकडे एक सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. मांडवी-जुवारीसारख्या नद्या, देवळांपुढील तळी, खाजन शेतीचे बांध आणि पावसाळ्यात तुडुंब भरणाऱ्या चिऱ्यांच्या खाणी यांनी वेढलेल्या आपल्या गोमंतकातही कितीतरी मुले चौथी इयत्ता ओलांडतात. परंतु पाण्यात क्षणभर स्थिर कसे राहावे, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. सहा वर्षांवरील मुलांना पोहणे, पाण्याजवळची सावधगिरी आणि सुरक्षित बचाव यांचे शिक्षण द्यावे, अशी या संघटनेची शिफारस आहे. तेव्हा हा विषय केवळ शर्यतीचा व पदकांचा नव्हे. तो प्राथमिक शाळेचाच आहे.

या शिक्षणाचा प्रारंभ मैदानावर होतो. हुतूतू खेळताना मूल एका दमात शब्द घोळवीत राहते, म्हणजेच श्वास सावकाश सोडावयास शिकते. पोहताना तोंड पाण्यात असते तेव्हा नेमके हेच करावयाचे असते. लंगडीने तोल साधतो आणि पायांत बळ येते. जी शाळा तळ्यापासून दूर आहे, तिलाही एवढी तयारी सहज करून घेता येईल.

पाण्यात उतरल्यावर पहिला पाठ तरंगण्याचा असावा. त्यामागील शास्त्र सोपे आहे. मानवी शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. छाती भरून श्वास घेतला की शरीराचे आकारमान वाढते, वजन मात्र जवळजवळ तेवढेच राहते. म्हणून बहुतेक मुले उताणी पडल्यास तरंगू शकतात. घाबरलेले मूल याच्या उलट करते. ते डोके व हात पाण्याबाहेर काढू पाहते. आर्किमिडीजच्या सिद्धान्ताप्रमाणे शरीराचा जेवढा भाग पाण्याबाहेर, तेवढा पाण्याचा आधार कमी. त्यामुळे ते अधिकच खाली जाते. विज्ञानाच्या तासाला पाठ केलेला हा सिद्धान्त येथे प्राणरक्षक ठरतो.

म्हणून क्रम असा ठेवावा : कमरेइतक्या स्वच्छ व संथ पाण्यात उभे राहणे, तोंड बुडवून बुडबुडे सोडणे, शिक्षकाच्या हातावर उताणे पडणे, मग आधाराशिवाय तरंगणे, नंतर काठ धरून पाय मारणे, आणि सर्वांत शेवटी हात मारणे. मुलास पाण्यात ढकलून देण्याची जुनी रीत सर्वथा त्याज्य होय; तीमुळे विद्या येत नाही, भीती मात्र आयुष्यभर राहते. पूर्वी पोहावयास शिकणाऱ्याच्या अंगाला सुके भोपळे बांधीत. ती रीत पुष्कळ शहाणपणाची होती. आठ-दहा मुलांमागे पाण्यात एक शिक्षक असावा आणि काठावर केवळ पाहणारा दुसरा. प्रत्येक मुलास एक जोडीदार नेमून द्यावा व थोड्या थोड्या वेळाने मोजदाद करावी.

याच्या जोडीला स्थळज्ञान हवे. भरती-ओहोटीच्या वेळी मानशीच्या दारांपाशी पाण्याला विलक्षण ओढ असते. चिऱ्यांच्या खाणीचे काठ उभे कापलेले असतात. तेथे एका पावलाच्या अंतरावर पुरुषभर पाणी लागते. गोव्याच्या अनेक समुद्रकिनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, पण गावच्या तळ्यावर किंवा खाणीवर कोणी नसतो.

सर्वांत महत्त्वाचा पाठ अखेरचा. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याखाली-वर होत असते आणि मिळालेला क्षण श्वासालाच अपुरा पडतो. त्याला पाहून मित्र उडी घेतो, बुडणारा त्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. विद्यार्थिमित्रहो, अशा वेळी उडी घेऊ नका. मोठ्याने हाका मारून मोठ्या माणसांना बोलवा. काठावर पालथे पडून काठी किंवा बांबू पुढे करा. ते न पोहोचल्यास दोरी फेका, अथवा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा टाका. कोणीतरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मित्रासाठी जीव धोक्यात घालण्याची तयारी थोर खरीच. पण दोघांचे प्राण वाचविणारा विवेक तिच्याहून थोर आहे.

पालकांस एवढीच विनंती की, मुलास पाण्यापासून दूर ठेवणे हा पुरेसा उपाय मानू नये. आपल्या भूमीत पाणी आज ना उद्या त्याच्या वाटेत येणारच. त्या दिवशी त्याला उताणे पडून शांतपणे श्वास घेता आला, तर मदत पोहोचेपर्यंत त्याला अवधी मिळेल. शारीरिक शिक्षणाच्या काही तासिका या एका पाठासाठी राखून ठेवणे कोणत्याही शाळेस अवघड नाही.