घरचे बियाणे आणि करग्याचा प्रश्न

भात हे मुख्यतः स्वपरागित पीक असल्याने घरी राखलेले बियाणे सहसा मूळ वाणासारखेच उगवते. रायपूरच्या मैदानी प्रदेशात मात्र रानभाताचे पराग वाऱ्याने पिकावर पडतात. अशा अपघाती संकराचे प्रमाण अत्यल्प असते. परंतु संकरित रोपात तांबडा दाणा व दाणे गळण्याची प्रवृत्ती हे प्रभावी गुण उतरतात आणि पुढील पिढीत नाना तऱ्हेची रोपे निघतात. छत्तीसगडमध्ये यास ‘करगा’ म्हणतात. फुलोऱ्यापूर्वी तो ओळखणे कठीण, आणि कापणीपूर्वीच त्याचे दाणे गळून जमिनीत साठतात.

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने (स्थापना १९८७) यावर जांभळ्या पानांचे ‘श्यामला’ हे वाण दिले. जांभळ्या शेतात हिरवे रोप दिसले की निंदणीत उपटावे. युक्ती चतुर खरी, पण श्यामलाचाच करग्याशी संकर झाला की जांभळा करगा उपजतो. म्हणून वाण आलटूनपालटून घ्यावे लागते.

वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकऱ्यास बियाणे राखण्याचा व पेरण्याचा हक्क आहे. शुद्धतेची हमी त्यातून मिळत नाही. एकाने प्रमाणित बियाणे पेरले, तरी शेजारच्या करग्याचे पराग बांध ओलांडतातच. परीक्षार्थींनी हे बाह्य परिणामाचे उदाहरण म्हणून अभ्यासावे. बियाणे बदलाचा दर गावनिहाय पाहिला जावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.