हेडगार्ड आणि सराव-लढत

पालकसभेत कराटे-बॉक्सिंगचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : “चांगल्यातले हेडगार्ड आणले, तर मुलाच्या डोक्याला धोका नाही ना?” आजवर आम्ही या प्रश्नाचे उत्तर घाईत देत आलो.

हेडगार्डमुळे भुवई फुटणे, कानाला मार लागणे पुष्कळ टळते. मेंदूची इजा मात्र निराळी. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोके गर्रकन वळते आणि मेंदू त्या वेगाने आतल्या आत पिळवटतो. बाहेरची गादी कितीही जाड असली, तरी हे वळणे ती रोखू शकत नाही. माउथगार्डही दात वाचवते. त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

ऑलिंपिक मुष्टियुद्धात १९८४ पासून हेडगार्ड सक्तीचे होते. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने ते प्रौढ पुरुषांसाठी काढले व २०१६ साली रिओमध्ये पुरुष खेळाडू उघड्या डोक्याने लढले. हेडगार्डने बाजूचे दिसत नाही, शिवाय खेळाडू बेफिकीर होतो, असा युक्तिवाद होता. पुढे चेहऱ्यावरच्या जखमा वाढल्या. वाद अजून मिटलेला नाही. शाळकरी मुलांचे हेडगार्ड काढावे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. परंतु बेफिकिरीचा मुद्दा खरा आहे. जपानमध्ये अठराव्या शतकात तलवारीच्या सरावासाठी बांबूची तलवार आणि चिलखत रूढ झाले, तेव्हा पूर्ण जोराने वार करण्याची मुभाही त्याबरोबरच मिळाली. आपल्याकडील फरीगदग्यात याउलट शस्त्रच सौम्य केलेले : तलवारीच्या जागी चामडे मढवलेली काठी. आम्हांला हा विचार अधिक पटतो. म्हणून सराव-लढतीत डोक्यावर केवळ स्पर्शापुरता वार आणि जोर लावायचा तो पंचिंग बॅगवर, असा आमचा दंडक आहे.

तो आम्ही एका चुकीतून शिकलो. आठवीतील एका मुलाला लढतीत ठोसा लागला. तो बेशुद्ध पडला नाही, म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. संघातून वगळतील या भीतीने त्याने डोकेदुखी लपवली. रात्री वसतिगृहात उलटी झाली तेव्हा सोबत्यांनी सांगितले. मेंदूला धक्का बसण्यासाठी शुद्ध हरपावी लागत नाही, हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते. पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला, तर तो जिवावर बेतू शकतो.

आता शंका आली तरी त्या दिवशी मूल पुन्हा मॅटवर उतरत नाही आणि डॉक्टरांना दाखवले जाते. सुटीत घरी आलेल्या मुलाला उजेड सहन होत नसेल, अक्षरे धूसर दिसत असतील, तो विनाकारण चिडचिड करीत असेल, तर पालकांनी आम्हांस त्याच दिवशी कळवावे. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या किंवा झोपेतून जागे करणे कठीण झाले, तर आधी रुग्णालय गाठावे.

तो मुलगा डॉक्टरांच्या परवानगीने टप्प्याटप्प्याने परतला. आधी वर्गात, मग धावायला, मग बॅगसमोर. समोर जोडीदार आला तो सर्वांत शेवटी.