हरकतीची मुदत

पिंपळगाव बसवंत,
तालुका निफाड, जिल्हा नाशिक

चिरंजीव बाळ यास काकांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पोहोचले. पुण्याच्या नोकरीचा राजीनामा द्यावा, हिंजवडीजवळचा फ्लॅट विकून त्यावरील कर्ज फेडावे, आणि सूनबाई व लहानग्या नातीसह इकडे येऊन वडिलार्जित जमिनीवर सावकाश, समतोल आयुष्य जगावे, असा जो मनोदय तू व्यक्त केला आहेस, तो वाचून मला प्रथम आनंद झाला, आणि मागाहून, वडीलकीच्या नात्याने काही गोष्टी तुझ्यापुढे स्पष्टपणे मांडणे हे माझे कर्तव्य आहे असे वाटले. रात्री अकराला परदेशातील वरिष्ठांपुढे पडद्यावर हजर राहायचे आणि सकाळी पुन्हा वाहनांच्या रांगेत तिष्ठत बसायचे, अशा दिनक्रमाने माणूस थकतो यात नवल नाही. तुझा थकवा हा तुझा दुबळेपणा आहे असे मी क्षणभरही मानीत नाही. म्हणूनच त्यावरचा उपाय तू नीट पारखून घ्यावास अशी माझी इच्छा आहे.

इटलीतील सावकाश खाण्याच्या ज्या चळवळीचा तू उल्लेख केला आहेस तिचा वृत्तांत माझ्याही वाचनात आलेला आहे. १९८६ साली रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांपाशी अमेरिकी पद्धतीचे झटपट खाण्याचे दुकान निघाले, तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा निषेध केला. १९८९ साली पॅरिस येथे त्यांचा जाहीरनामा निघाला, आणि १९९९ मध्ये ओर्विएतो, ग्रेवे, ब्रा व पोझितानो या चार गावांनी मिळून सावकाश चालणाऱ्या नगरांचा संघ स्थापन केला, ज्यात ५०,००० हून कमी वस्तीच्या गावांनाच पूर्ण सभासदत्व मिळते. या सर्व हकिकतीत मला जी गोष्ट मोलाची वाटली ती ही की, त्या गावांनी शांतता आपल्या डोंगरांवर व द्राक्षमळ्यांवर सोपवून दिली नाही. वाहने, गोंगाट, बांधकाम, बाजार या प्रत्येकाविषयी त्यांनी नियम केले आणि ते पाळण्याचे स्वतःवर बंधन घालून घेतले. गाव सुंदर होतेच. स्वस्थ झाले ते मर्यादा आखल्यावर.

आता आपल्या गावाचे यथार्थ चित्र तुझ्या डोळ्यांपुढे असू दे, कारण तुझ्या पत्रातील पिंपळगाव हे बहुधा तुझ्या उन्हाळी सुट्यांतले आहे. मुंबई-आग्रा रस्ता गावाला लागूनच जातो, आणि त्यावरची रहदारी रात्रीही थांबत नाही. टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीच्या आवाराबाहेर क्रेट भरलेल्या वाहनांची रीघ लागते. कांद्याचा लिलाव चालू असता भाव शंभर रुपयांनी उतरला की ती वार्ता मोबाइलवरून पाच मिनिटांत शिवारभर होते, आणि आपला माल आज न्यावा की उद्या, या विवंचनेने बांधावरचा माणूस तितकाच व्याकूळ होतो जितका तू तुझ्या कचेरीत होतोस. शेतीची वीज पाळीपाळीने येते. पाळी रात्रीची असेल तर पाणी भरण्यासाठी रात्रीच उठावे लागते. जानेवारीत निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटवून घडांचे रक्षण करावे लागते, आणि फुलोऱ्यात अवकाळी पाऊस झाला तर डाउनी रोग पसरण्यापूर्वी फवारणी उरकण्यासाठी उजाडण्याचीही वाट पाहता येत नाही. ही धावपळ कामाच्या स्वभावातच आहे, ती तू टाळू इच्छिणार नाहीस आणि टाळूही नयेस. तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

माझे लक्ष आहे ते दुसऱ्या गोष्टीकडे. द्राक्षवेल मूळची थंड मुलखातली. तिकडे हिवाळ्यात तिची पाने झडतात आणि ती आपोआप विश्रांती घेते. आपल्याकडे तसा हिवाळा नाही, म्हणून आपल्या बागाइतदारांनी वर्षातून दोन छाटण्यांची पद्धत बसवली: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. एप्रिलनंतर जी काडी फुटते तिच्या डोळ्यांत, पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच, घड सूक्ष्मरूपाने घडून राहतो, तो कुणाला दिसत नाही. ऑक्टोबरात छाटल्यावर तोच बाहेर येतो आणि वाण व हवामान पाहून साधारणपणे ११० ते १४० दिवसांनी काढणीस येतो. म्हणजे फेब्रुवारीत ज्याचे कौतुक करायचे त्याचा निकाल मागल्या उन्हाळ्यातच लागलेला असतो, आणि डिसेंबरात कितीही खत ओतले, कितीही जागरणे केली, तरी वेलीवरील घडांच्या संख्येत एकाचीही भर पडत नाही. जो बागाइतदार हे ज्ञान अंगी मुरवतो, तो एप्रिल-मे-जूनमध्ये, जेव्हा बाजारात त्याच्या मालाची वार्ताही नसते, तेव्हा सर्वाधिक सावध असतो, आणि पुढे शांत राहू शकतो. तू जे शोधतो आहेस ते मला अशा माणसांत दिसले आहे; त्यांच्या हातून काम कमी झालेले नाही, प्रत्येक कामास त्याचा काळ मिळाला आहे, इतकेच.

मग याच शिवारात, हीच वेल लावून, दुसरा माणूस रात्रंदिवस तळमळत का असतो? माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली, आणि दप्तर हाताळता हाताळता मला याचे उत्तर सातबाराच्या एका रकान्यात सापडले. त्याला इतर हक्कांचा रकाना म्हणतात. कर्जाचा बोजा तिथे चढतो. शेजाऱ्याने चार एकर बाग लावली म्हणून आपणही लावावी, त्याने निर्यातीचा माल केला म्हणून आपणही उसनवारी करून तोच हिशेब मांडावा, त्याच्या दारी नवे वाहन आले म्हणून आपल्याही दारी यावे, अशा एकेका निर्णयागणिक त्या रकान्यात एकेक ओळ वाढत जाते, आणि त्या ओळीबरोबर घरात घाई शिरते, कारण हप्त्याची तारीख वेलीच्या वेळापत्रकाला जुमानत नाही. गारपीट, अवर्षण, पडलेला भाव यांनी कर्जात लोटलेल्या शेतकऱ्याविषयी मी हे बोलत नाही. त्याचे दुःख निराळे आहे आणि त्याला उपदेश करण्याचा अधिकार कुणालाही नाही. मी तुझ्याविषयी बोलतो आहे, ज्याला अद्याप निवड करता येते. तुझ्या फ्लॅटचा हप्ता हाच तुझ्या घाईचा खरा धनी आहे असे मला तुझ्या पत्रावरून दिसते, आणि तो फेडून तू इथे येऊन बागेसाठी नवा बोजा चढवलास, तर गाव बदलूनही धनी तोच राहील.

आपल्या पूर्वजांनी थांबण्याच्या जागा मुद्दाम निर्माण करून ठेवल्या होत्या. आपल्या जिल्ह्यातील कांद्याच्या बाजारात अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली होती. अलीकडे ती मोडत चालली आहे, आणि शेतकऱ्याचा माल एक दिवस अडतो हा तिच्याविरुद्धचा आक्षेप मला मान्यही आहे. कित्येक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नसत. पोळ्याला तर वर्षभर राबलेल्या जनावराला विश्रांती आणि मान दोन्ही मिळत. या रूढींमागे श्रद्धा होती हे खरे, परंतु तिच्या आश्रयाने एक व्यवहारी शहाणपणही नांदत होते: थांबायचे की नाही हे रोज नव्याने ठरवण्याचे ओझे माणसावर नव्हते. तुमच्या पिढीला ते ओझे वाहावे लागते, आणि कामाचा मोह रोजच जिंकतो.

माझ्या खात्यातही अशी एक थांबण्याची जागा होती, आणि तिच्याविषयी मला आजही आदर वाटतो. जमिनीची विक्री होवो, वाटणी होवो, वारस लागो; तलाठी फेरफाराची नोंद घेतो, हितसंबंधितांस नोटीस काढतो, आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत गेल्याविना ती नोंद प्रमाणित व्हायची नाही, असा क्रम १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली चालत आला आहे. लोक या विलंबाला कंटाळतात. परंतु ते १५ दिवस कुणासाठी राखलेले आहेत याचा विचार कर: दूर गावी दिलेल्या बहिणीसाठी, जिचे नाव गाळून भाऊ परस्पर वाटणी करू पाहतात, परगावी मजुरीला गेलेल्या सहहिस्सेदारासाठी, अक्षरओळख नसलेल्या विधवेसाठी, जिला कागद वाचून दाखवायला माणूस शोधावा लागतो. घाईत नेहमी दुबळ्याचा हक्क बुडतो, आणि मुदत ही त्या दुबळ्याची ढाल आहे. ही गोष्ट मी कचेरीत शिकलो आणि घरातही तीच खरी आहे असे माझ्या प्रत्ययास आले.

म्हणून तुला विचारतो, सूनबाईंना तू विचारलेस काय? तुझ्या सबंध पत्रात तिच्या मताचा उल्लेख नाही. घरचे दळलेले पीठ, चुलीवरची भाकरी, दारची भाजी, वाळवणे, सांडगे, पापड, या सर्वांचे तू मोठ्या प्रेमाने वर्णन केले आहेस. परंतु जुन्या घरांतील ज्या स्वस्थतेची आपण स्तुती करतो ती पुरुषांच्या ओट्यावर नांदत होती, आणि तुझी आजी त्याच वेळी पहाटे जात्यावर बसलेली असे, दिवसभर चुलीशी असे, आणि सगळ्यांची पाने उचलल्यावर स्वतः जेवे. तिच्या आयुष्यात सावकाश असे काही नव्हते. एकाचे मंद जीवन दुसऱ्याच्या दुप्पट श्रमांवर उभे राहणार असेल तर त्याला समतोल म्हणता येणार नाही. सूनबाई शिकलेली आहे, तिची स्वतःची नोकरी आहे; भाकरी तू थापणार असशील, मुलीला शाळेत तू पोहोचवणार असशील, तरच चुलीचे गोडवे गा. तुझ्या या निर्णयाच्या नोंदीवर हरकत घेण्याचा पहिला अधिकार तिचा आहे.

महाराष्ट्रात असे जीवन विचारपूर्वक जगून दाखवणारी माणसे आहेत, त्यांतील एक दिलीप कुलकर्णी. यंत्र अभियंता म्हणून टेल्कोत नोकरी केलेले हे गृहस्थ ती सोडून पुढे सहकुटुंब दापोली तालुक्यातील कुडावळे या खेड्यात स्थायिक झाले, आणि तिथून त्यांनी ‘गतिमान संतुलन’ हे मासिक चालवले. त्यांचे ‘निसर्गायण’ तू अवश्य वाच. आपल्या गरजा किती, वीज किती, प्रवास किती, हे आधी ठरवून त्यांनी त्याप्रमाणे राहणी बसवली. त्यांची प्रत्येक गोष्ट तुला जमेल किंवा जमावी असे मी म्हणत नाही. त्यांच्यापासून क्रम मात्र घेण्यासारखा आहे: आधी मर्यादा, मग मुक्काम. आणि गाव सोडून गेलेला माणूस स्वास्थ्याला मुकतोच असेही समजू नकोस. कुसुमाग्रजांचे प्राथमिक शिक्षण आपल्या याच पिंपळगावी झाले. पुढे चित्रपट आणि वृत्तपत्रे अशा धकाधकीच्या व्यवसायांतून वाट काढीत ते नाशिकला स्थिरावले, आणि शहरात राहूनही आल्यागेल्यासाठी त्यांच्यापाशी वेळ असे.

आता मी जे सांगतो ते कर. राजीनामा तूर्त देऊ नकोस. पुण्यातच राहून, सूनबाईंशी बोलून, तीन मर्यादा ठरव: रात्री किती वाजल्यानंतर तू कुणाचाही फोन घेणार नाहीस, आठवड्यातील कोणता दिवस पूर्णपणे घरचा, आणि दरमहा किती रक्कम मिळाली म्हणजे पुरे. पहिल्या दोहोंसाठी वरिष्ठांशी झगडावे लागेल; नम्रपणे पण निश्चयाने झगड. तिसरी सर्वांत कठीण, कारण तिथे प्रतिपक्षी तूच आहेस. ती रक्कम कागदावर लिहून काढ, आणि आपल्या जमिनीतून तेवढी निघेल काय, याचा हिशेब आपण दोघे बसून करू. मी ठोकळमानाने केला आहे: बाग आहे तेवढीच ठेवली, उरलेल्या क्षेत्रात गहू आणि उन्हाळ कांदा घेतला, कांदाचाळ दुरुस्त केली आणि नवा बोजा चढवला नाही, तर साधेपणाने राहणाऱ्या कुटुंबाचे बऱ्या सालात भागेल, वाईट सालात भागणार नाही. त्या वाईट सालासाठी तुमच्यापैकी एकाचे शहरी उत्पन्न काही वर्षे चालू असणे इष्ट. यात कमीपणा मुळीच नाही.

येत्या एप्रिलमध्ये रजा काढून खरड छाटणीला ये. मजुरांच्या टोळीबरोबर कात्री हातात धर, त्यांची मजुरी किती हे विचार, दुपारच्या उन्हात बांधावर जेव. पुन्हा ऑक्टोबरात ये, आणि जमल्यास थंडीच्या एका पहाटे शेकोट्यांच्या वेळी. सवड काढून सर्वांना नांदूर मध्यमेश्वरला नेऊ. गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशी इंग्रज अमदानीत सिंचनासाठी बंधारा बांधला गेला, त्याच्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, त्या गाळात पाणवनस्पती वाढल्या, आणि कुणीही योजिले नसताना तिथे पक्ष्यांचे असे आश्रयस्थान झाले की रामसर यादीत दाखल झालेले महाराष्ट्रातील ते पहिले पाणथळ ठरले. मुलीला ते पक्षी दाखवायचे आहेत.

एक संपूर्ण हंगाम असा पाहून झाल्यावर, आणि तुम्हा तिघांचीही हरकत नसल्यावर, जो निर्णय तुम्ही घ्याल त्याच्या पाठीशी मी उभा आहे. ओसरीलगतची खोली मी रिकामी करवून घेतली आहे आणि विहिरीच्या पंपाची दुरुस्तीही सांगितली आहे. सातबाराचा अद्ययावत उतारा व खाते उतारा सोबत पाठवीत आहे. तुझ्या दोन्ही आत्यांची नावे त्यावर आहेत, तेव्हा त्यांनाही स्वतंत्र पत्रे लिहून त्यांचे म्हणणे विचार. तुझ्या उत्तरासोबत सूनबाईंचे वेगळे पत्र यावे, तू वाचून न पाहता पाकिटात घातलेले. कळावे, लोभ आहे तो वाढावा.

तुझा,
काका